गाडीत टकटक कशाची?

आता गावोगावी पिकअप गाड्या झाल्या आहेत. पहाटे कांदा, टोमॅटो, कोथिंबीर भरून याच गाड्या बाजाराला जातात. परत येताना खत आणतात, पेंड आणतात, सिमेंट आणतात. रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडले तर दवाखान्याची वाटही याच गाडीने धरावी लागते. गाडी नवी असते तोवर काळजी नसते. पण दहा-बारा वर्षे झाली, दोन-तीन लाख किलोमीटर पळाली, की गाडी बोलू लागते. एके दिवशी टक टक टक टक असा आवाज सुरू होतो. मालक गाणी बंद करतो आणि कान देतो. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात ना? इथे ती गाडीतच चुकचुकत असते!

मग सल्ले सुरू होतात. पारावरचा एक म्हणतो, "इंजिन गेलं रे बाबा. खोलावं लागणार." दुसरा म्हणतो, "काही नाही, टॅपेट वाजतात. चालू दे." दोघेही पारावरून उठत नाहीत. पहिल्याचे ऐकले आणि तो चुकीचा निघाला, तर कर्ज काढून इंजिन खोलले जाते. दुसऱ्याचे ऐकले आणि तो चुकीचा निघाला, तर माल भरलेली गाडी घाटात उभी राहते. कधी त्याहून वाईट घडते.

म्हणून मंडळी, आधी आवाजाचीच चौकशी करावी. ही चौकशी निम्म्याहून अधिक तुम्हाला स्वतःला करता येते. तिला पाना लागत नाही. कान लागतात, डोळे लागतात आणि थोडा धीर लागतो.

भजनात एखादा टाळ चुकीचा वाजू लागला, तर बुवांना डोळे मिटूनही ते कळते. टाळ कोणत्या ठेक्यावर पडतो, याकडे त्यांचे लक्ष असते. गाडीचेही तसेच आहे. गाडीत फिरणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, पण प्रत्येकीची चाल वेगळी. इंजिन एका चालीने फिरते, चाक दुसऱ्या चालीने, मधला लांब शाफ्ट तिसऱ्या चालीने. टकटक कोणाच्या ठेक्यावर पडते ते ओळखले, की चोर कोणत्या घरात आहे ते कळले.

चाक की इंजिन?

पहिला प्रश्न हा. गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. गिअर न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन चालू करा. गाडी जागेवर उभी असताना टकटक येते का? येत असेल, तर हळूच रेस वाढवा. रेसबरोबर टकटकही भरभर झाली, तर आवाज इंजिनाचा किंवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पंखा-पट्ट्याचा. उभ्या गाडीत काहीच आवाज नाही आणि गाडी चालू लागली की येतो, तर तो बहुधा चाकांकडचा किंवा शाफ्टचा.

अजून खात्री करायची असेल, तर रिकाम्या सपाट रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवा. मग क्षणभर न्यूट्रल करून गाडी तशीच पुढे जाऊ द्या. इंजिन मंद होईल, पण चाके फिरतच राहतील. टकटक इंजिनाबरोबर मंद झाली की चाकांबरोबर चालूच राहिली, ते ऐका. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ही परीक्षा उतारावर करू नका आणि इंजिन बंद करून तर मुळीच करू नका. ब्रेक हलका लागावा म्हणून जी मदत मिळते ती इंजिन चालू असतानाच मिळते. पॉवर स्टिअरिंगचेही तसेच. इंजिन बंद केले की ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट होते. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांचे डिझेल वाचते ते घोटभर, आणि जीव लागतो पणाला.

आता थोडे गणित करू. पिकअपचे चाक एकदा फिरले की गाडी साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. (तुमच्या गाडीचे पाहायचे असेल, तर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चाकाचा एक पुरा फेरा होईपर्यंत गाडी ढकला आणि अंतर मोजा.) ताशी १० किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला १६७ मीटर जाते. म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ७५ फेरे झाले. निरोगी माणसाची नाडीही स्वस्थ बसल्यावर साधारण इतकीच चालते. तेव्हा काटा १० वर ठेवा आणि आवाज ऐका. टकटक नाडीच्या चालीने पडत असेल, तर ती चाकाच्या एका फेऱ्याला एकदा पडते. चोर चाकात आहे. त्याहून चौपट भरभर पडत असेल, तर शाफ्टचा संशय घ्या. कारण पिकअपच्या चाकाचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे चार किंवा थोडे अधिक फेरे होतात.

चाकाच्या टकटकीचे सर्वांत साधे कारण म्हणजे टायरच्या नक्षीत अडकलेला खडा. तो दर फेऱ्याला रस्त्यावर आपटतो. पक्क्या रस्त्यावर टकटक येते आणि मातीच्या रस्त्यावर नाहीशी होते. पेचकसाने खडा उचकटून काढा, काम झाले. पण खड्याऐवजी खिळा दिसला तर तो तिथेच उपटू नका. आधी स्टेपनीत हवा आहे का ते पाहा. खिळा काढला आणि हवा सुटली, तर रानात बसावे लागेल.

दुसरे कारण मात्र हसण्यावारी नेण्याचे नाही. चाकाचे नट सैल झाले, तरी आधी टक टक असाच बारीक आवाज येतो. गाडी हळू असताना आणि वळणावर तो अधिक जाणवतो. नट तसेच राहिले तर चाकाची भोके घासून लांबट होतात, बोल्ट तुटतात आणि चालत्या गाडीचे चाक निघून जाते. मागे हौद्यात माणसे बसलेली असतात, हे काय सांगायला हवे? पंक्चर काढून चाक नुकतेच बसवले असेल आणि दुसऱ्या दिवशी टकटक आली, तर आधी नट पाहा. नट आवळताना एका बाजूने क्रमाने आवळत जाऊ नये. एक आवळला की त्याच्या समोरचा आवळावा. मग चाक सारखे बसते. चाक बसवल्यानंतर ५०-१०० किलोमीटर गाडी पळाली, की नट पुन्हा एकदा तपासावेत.

शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा. शाफ्टला फिरता फिरता वरखाली झुकता यावे, म्हणून तो लावतात. त्यातले ग्रीस सुकले की आधी चिक चिक असा चिमणीसारखा आवाज येतो. मग क्रॉस झिजतो आणि टक टक सुरू होते. गाडी जागेवरून हलताना किंवा पुढून मागे गिअर टाकताना एकच 'टक्' असा ठोका पडला, तर क्रॉस पाहून घ्यावा. गाडी बंद करून, चाकांना दगड लावून, शाफ्ट हाताने हलवून पाहावा. क्रॉसमध्ये हालचाल दिसली की तो बदलावा. क्रॉसची किंमत फार नसते. पण तो तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो.

इंजिनाचा स्वभाव

आता इंजिनाकडे वळू. आपल्या बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनिअराने १८९७ साली जर्मनीत हे इंजिन यशस्वी करून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला मिळाले आणि तेलालाही मिळाले. या इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा पिस्टन इतकी दाबतो, की तिची जागा सोळा ते वीस पट लहान होते. दाबली की हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे तोंड गरम लागते ना? तसेच, पण कितीतरी अधिक. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो भडकन पेटतो. पेटण्याचा हा ठोका ऐकू येतोच. म्हणून डिझेल इंजिनाचा थोडा खडखडाट हा दोष नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे. आपल्याला शोधायचा आहे तो काल नव्हता आणि आज आहे असा आवाज.

सगळ्यांत आधी ऑइल पाहावे. बाकीचे सगळे नंतर. गाडी सपाटीवर उभी करून इंजिन बंद करा. दहा मिनिटे थांबा, म्हणजे वर गेलेले ऑइल खाली उतरते. गेजची पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून पाहा. ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असावे. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर टकटकीचे कारण बहुधा हातात आले. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर कुठूनतरी डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. त्याने ऑइल पातळ होते. 'ऑइल वाढले, बरेच झाले' असे समजू नये.

आणि पुढच्या फळीवरचा ऑइलचा लाल दिवा! चावी फिरवताच तो लागतो आणि इंजिन चालू झाले की विझतो. इंजिन चालू असताना तो लागला आणि टकटकही येत असेल, तर पुढे एक फर्लांगही जाऊ नका. बाजार जवळ असो, नाहीतर वरात वाट पाहत असो. इंजिन तिथल्या तिथे बंद करा. ऑइल पोहोचत नसेल तर लोखंडावर लोखंड घासते आणि काही मिनिटांत हजारो रुपयांचे नुकसान होते.

रात्रभर उभी असलेली जुनी गाडी सकाळी चालू केली, की दोन-चार सेकंद टकटक करते आणि गप्प होते. ऑइल वरपर्यंत चढायला तेवढा वेळ लागतो. एवढ्याने घाबरून जाऊ नये.

थंड असताना की गरम झाल्यावर?

ऑइल बरोबर आहे, दिवा विझलेला आहे, तरी टकटक आहे. मग दुसरा मोठा प्रश्न विचारायचा. इंजिन गरम झाल्यावर आवाज कमी होतो की वाढतो?

आमच्या माहितीतल्या एका गाडीवाल्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तो लासलगावच्या बाजारात कांदा नेतो. गाडी तेरा वर्षांची. एका सकाळी तिच्यात टक टक टक टक सुरू झाली. चढाला तर चांगलीच मोठी यायची. शहरातल्या एका गॅरेजात त्याने गाडी नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, "इंजिन पूर्ण बांधावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून गाडीवाल्याचे तोंड कोरडे पडले. कांद्याला भाव नव्हता. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे न्यायचे ठरले.

गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री आहे. तो गाडीला हातही लावण्याआधी म्हणाला, "सकाळी जास्त वाजते की दुपारी?"

"सकाळी. बाजार येईपर्यंत जवळजवळ जाते."

"मग उद्या सकाळी इंजिन थंड असताना बोलाव मला. तोवर चालू करू नको."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बॅटरीच्या उजेडात इंजिनाची कड पाहिली. धूर बाहेर नेणारा जो जाड बिडाचा नळ इंजिनाला जोडलेला असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या जोडावर काळ्या काजळीचा एक ओघळ होता. तिथला एक स्टड तुटला होता आणि मधले पॅकिंग जळाले होते. प्रत्येक ठोक्याला धूर त्या फटीतून फट् फट् बाहेर पडत होता. तोच आवाज आत बसून टक टक असा ऐकू येत होता. तुटलेला स्टड काढायला अर्धा दिवस गेला. नवा स्टड, नवे पॅकिंग, मजुरी, एवढ्यावर भागले. पाटल्या घरातच राहिल्या.

आता हा आवाज गरम झाल्यावर कमी का व्हायचा? लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना काय करतो? आधी ती तापवतो. तापल्यावर लोखंड फुगते, धाव सैल होते आणि चाकावर बसते. निवली की आकसते आणि चाकाला घट्ट धरते. इंजिनाजवळचे बीडही तसेच. ते तापून फुगते आणि बारीक फट आपोआप बुजते. इंजिन निवले की फट पुन्हा उघडते.

ही फट ओळखायची आणखी एक रीत आहे. इंजिन नुकतेच चालू केले आहे, मॅनिफोल्ड अजून तापलेला नाही, अशा वेळी जोडाच्या जवळ हात धरावा. हात लावू नये, नुसता जवळ धरावा. फुंकर मारल्यासारखे झोत हाताला लागतात. किंवा एकाने मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर गोणपाटाची जाड घडी दोन-तीन सेकंद दाबून धरावी आणि दुसऱ्याने पुढे ऐकावे. धुराची मागची वाट अडली की तो फटीतून जास्त जोराने निघतो आणि टकटक मोठी होते. हे सगळे उघड्यावर करावे, बंद शेडमध्ये नव्हे. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलच्या मानाने कमी असतो, पण बंद जागेत तोही घात करतो. मॅनिफोल्डची गळती फार दिवस राहू देऊ नये, त्याचेही हेच कारण. धूर केबिनमध्ये शिरतो.

टॅपेट म्हणजे काय?

गरम-थंडीचा फारसा फरक नाही, आवाज हलका, एकसारखा, शिवणयंत्रासारखा, आणि इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून येतो. हा आवाज बहुधा टॅपेटचा.

इंजिनाला श्वास घ्यायला आणि सोडायला झडपा असतात. मिस्त्री त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात अशा आठ. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन मंद चालू असते तेव्हा मिनिटाला साधारण ८०० फेरे होतात. म्हणजे एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, सेकंदाला सहा-सात वेळा. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा तुकडा यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. तापल्यावर लोखंड फुगणार, त्याला जागा हवी. ही फट केवढी? वहीचा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. असे दोन, तीन किंवा चार कागद मावतील एवढी. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा. तो गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. फट इंजिन थंड असताना मोजायची की गरम असताना, हेही तिथेच लिहिलेले असते. मिस्त्री पातळ पात्यांच्या फिलर गेजने ती मोजतो. झीज होऊन फट वाढली की तुकडा व्हॉल्व्हवर आपटतो. हीच टकटक.

काही इंजिनांत ही फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरली जाते. तिथे पात्याने मोजायचे काम नसते. अशा इंजिनात टकटक आली तर ऑइल कमी, जुने किंवा चुकीच्या जातीचे आहे का, ते आधी पाहतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. काही घाईचे मिस्त्री आवाज बंद करण्यासाठी टॅपेट फार आवळतात. इंजिन एकदम गप्प होते. मालक खूश होतो. पण फटच उरली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पेटलेल्या वायूचा झोत त्याच्या कडेवरून जात राहतो आणि कड जळते. मग गाडीची ओढ कमी होते आणि शेवटी हेड खोलावे लागते. टॅपेट थोडे वाजले तर इंजिन बिघडायला वेळ लागतो. टॅपेट मुळीच वाजत नसेल, तर मात्र फट बरोबर आहे ना, हे विचारून घ्यावे.

जड ठोका

गरम झाल्यावर आवाज वाढत असेल तर सावध व्हा. तोही हलका टक टक नसेल, तर ठक ठक असा जड असेल. इंजिनाच्या वरून नव्हे, खालून येत असेल. माल भरून चढ चढताना मोठा होत असेल. हा बेअरिंगचा आवाज असू शकतो. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो तिथे नरम धातूचे पातळ बेअरिंग असते. ते झिजले की दांडा सैल होऊन ठोके मारतो. ऑइल तापून पातळ झाले की ठोका आणखी मोठा होतो. तशीच गाडी चालवली तर दांडा तुटतो आणि इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. मग दुरुस्तीची गोष्टच राहत नाही. इथे "चालू दे" म्हणणाऱ्याचे ऐकू नये. माल दुसऱ्या गाडीत भरावा आणि ही गाडी ओढून न्यावी. ओढण्याचे पैसे जातात, पण क्रँक वाचतो.

डिझेल फवारणारे नोझलही कधीकधी टकटक करते. नोझलखालची तांब्याची चकती गळू लागली तर फुस् फुस् असा आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखी काळी काजळी जमते. जुन्या धाटणीच्या इंजिनात प्रत्येक नोझलची नळी वेगळी असते. मिस्त्री एकेका नळीचा नट किंचित सैल करतो. तेवढा सिलिंडर बंद पडतो. त्याबरोबर टकटक थांबली, की दोष त्या सिलिंडरचा. पण हे मिस्त्रीचे काम. तुम्ही करू नका. नव्या धाटणीच्या कॉमन रेल इंजिनात तर कोणीच करू नये. तिथे डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. वरून जखम टिचभर दिसते, पण आत हात सडू शकतो. अशी धार लागली तर घरगुती उपाय न करता तडक मोठ्या दवाखान्यात जावे.

काठी लावून ऐकणे

आवाज इंजिनाचा आहे, पण नेमका कुठून? १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टराने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. पुढे त्याने लाकडी नळी केली. डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचा उगम तो. इंजिनालाही तशीच नळी लावता येते. हातभर लांब कोरडी काठी घ्या. एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवा, दुसरे कानाच्या पुढच्या हाडाला लावा. मिस्त्री यासाठी लांब पेचकस वापरतात. वरच्या झाकणावर लावा, मॅनिफोल्डच्या बाजूला लावा, खाली लावा. जिथे टकटक सर्वांत स्पष्ट येईल, तिथेच शोधायचे.

पण सांभाळून! उपरणे, पदर, मफलर, सैल बाही, हातातले कडे, मोकळी वेणी, यांतले काहीही पंख्याजवळ नेऊ नका. आधी आवरून घ्या, मग वाका. काठी पंख्याच्या आणि पट्ट्याच्या बाजूला मुळीच नेऊ नये. पट्ट्याची दशी सुटून आपटते का, पंखा त्याच्या कड्याला घासतो का, हे इंजिन बंद करूनच पाहावे. अशा सुटलेल्या दशीनेही कित्येकांची झोप उडवली आहे.

मिस्त्रीला काय सांगायचे?

"गाडी वाजते" एवढेच सांगितले तर मिस्त्रीला सगळी गाडी शोधावी लागते, आणि शोधण्याचे पैसे तुमचे. त्यापेक्षा आता लिहिता येते, तर एक चिठ्ठी लिहून न्या. अशी:

"आवाज बारीक टक टक. तीन दिवसांपासून. उभ्या गाडीतही येतो. रेसबरोबर भरभर होतो. सकाळी मोठा. अर्ध्या तासाने कमी. चढावर वाढतो. ऑइल दोन खुणांच्या मध्ये. लाल दिवा लागत नाही. ऑइल बदलले दिवाळीला."

हातात मोबाईल असेल तर सकाळचा आवाज त्यात भरून घ्या. गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत गरम होते आणि आवाज गप्प बसतो. दवाखान्याच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसे. म्हणून शक्य असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजात ठेवावी आणि मिस्त्रीने सकाळी पहिल्यांदा चालू करावी.

मिस्त्रीने इंजिन खोलायला सांगितले, तर रागावू नये आणि लगेच हो-ही म्हणू नये. "कशावरून?" असे विचारावे. चांगला मिस्त्री बोट ठेवून दाखवतो. काजळी दाखवतो, सैल बेअरिंग दाखवतो, गेजचे पाते फटीत घालून दाखवतो. काढलेला जुना भाग परत मागावा. तो तुमचाच आहे.

राहता राहिली शेवटची टिकटिक. बाजारातून आलात, गाडी दारात लावली, चावी काढली. सगळे शांत. आणि गाडीखालून टिक... टिक... टिक असा आवाज येऊ लागतो. आधी भरभर, मग थांबून थांबून. पुष्कळ जण घाबरून पुन्हा बॉनेट उघडतात. उघडू नका. तापलेला सायलेन्सर आणि त्याचे पत्रे निवताना आकसत असतात, लोहाराच्या धावेसारखे. दहा-पंधरा मिनिटांत ती टिकटिक आपोआप थांबते.